आधी मोजा, मग जुळवा

नमनातला मृदंग, जाखडीतली ढोलकी आणि भजनातला पखवाज यांचा सगळा मामला वेळेचा आहे. शाहिराने ओळ टाकली, झीलकऱ्यांनी ती नेमकी उचलली आणि नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ त्याच ठोक्यावर वाजले, की प्रयोग चढतो. तेच गाणे लॅपटॉपवर मुद्रित करायला घेतले, की ज्यांची लय उभ्या आयुष्यात सुटली नाही अशी माणसेही गोंधळात पडतात. गायक सांगतो, मी तालातच गायलो. ऐकताना मात्र आवाज ठेक्याच्या मागे पडलेला असतो. पडद्यावरची रेघ एका ठोक्यावर असते आणि कानावर दुसराच ठोका पडतो. चित्रफीत तयार होते तेव्हा पहिल्या कडव्यात ओठ आणि शब्द जुळतात, शेवटच्या कडव्यात जुळत नाहीत. या तिन्ही तक्रारींना आपण सरसकट ‘लॅग येतोय’ म्हणतो आणि तिन्हींवर एकच इलाज शोधतो: नवा लॅपटॉप, नवा माइक, नाहीतर नवे सॉफ्टवेअर. ही पुस्तिका त्या घाईला आवर घालण्यासाठी लिहिली आहे. तिन्ही तक्रारींची मुळे वेगळी आहेत, तिन्ही मोजता येतात, आणि नीट मोजल्या तर त्यातल्या बऱ्याचशा खिशाला हात न लावता सुटतात.

हा विषय हातखंब्यासारख्या ठिकाणी अंगावर येतो, त्यालाही कारण आहे. मुंबई–गोवा महामार्गावरचा हा तिठा. इथून एक रस्ता रत्नागिरी शहराकडे उतरतो, दुसरा पालीवरून साखरपा आणि आंबा घाट करत कोल्हापूरला जातो. ट्रक, टँकर आणि एसटी यांची वर्दळ रात्रीही थांबत नाही. अंगणात नाच सुरू असताना मोबाईलने घेतलेल्या आवाजात शाहिराच्या शब्दांइतकेच हॉर्नही येतात. मग गाणे आधी एखाद्या बंद खोलीत वेगळे मुद्रित करायचे, नाच नंतर अंगणात चित्रित करायचा आणि दोन्हींची सांगड संगणकावर घालायची, हाच मार्ग उरतो. आवाज आणि चित्र एकदा वेगळे झाले, की त्यांना पुन्हा एकत्र आणण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

ही अडचण मोबाईलने आणलेली नाही. १९३१ साली अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ चित्रित केला, तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात असल्यामुळे गाड्यांचा आवाज टाळायला बरेचसे काम रात्री करावे लागले. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट केला. त्या सुरुवातीच्या काळात नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवत. पुढे पार्श्वगायन आले, गाणे आधी ध्वनिमुद्रित होऊ लागले आणि नट त्यावर ओठ हलवू लागले. चित्र आणि ध्वनी जोडण्यासाठी क्लॅपच्या फळीचा उपयोग सर्वत्र रुळला. फळीची दोन तोंडे मिटतात ती चौकट आणि ‘टक’ आवाज उमटतो ती जागा एकमेकांवर ठेवली, की बाकीचे आपोआप जुळते. आपल्याकडे या कामाला फळीपेक्षा चांगले साधन घरोघरी आहे, ते म्हणजे भजनाचे टाळ. टाळाचा आघात अतिशय टोकदार असतो. सॉफ्टवेअरमध्ये तो सपाट रेषेतून एकदम उठलेल्या उभ्या काट्यासारखा दिसतो आणि चित्रात दोन वाट्या भिडतात तो क्षण डोळ्यांना स्पष्ट सापडतो. म्हणून या पुस्तिकेतला पहिला नियम असा: कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल आणि सगळ्या माइकना ऐकू जाईल असा टाळाचा एक ठोका द्यायचा, आणि कार्यक्रम संपल्यावर आणखी एक. शेवटच्या ठोक्याचे महत्त्व पुढे कळेल.

उशीर मोजायचा तर मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, विचार करण्याची सवय लावावी लागते. ती संगीतकाराला अवघड नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मंडपाच्या मागच्या टोकाला, रंगमंचापासून ३० मीटरवर कोणी मोबाईल धरून उभा असेल, तर त्याच्या माइकपर्यंत मृदंग ८७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. चित्र मात्र तत्क्षणी पोहोचते. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रफितीत एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. तेव्हा या माणसाच्या मोबाईलमध्ये कोणताही बिघाड नसताना आवाज दोन चौकटी मागे असतो. अशी चित्रफीत हाती आली तर यंत्राला दोष देण्याआधी कॅमेरा कुठे उभा होता हे विचारावे.

माणसाला यातला किती फरक जाणवतो, याचाही अभ्यास झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणासाठी केलेल्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला खटकू लागते, पण मागे पडलेला आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. या विषमतेचे मूळ निसर्गात आहे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. आवाज उशिरा येण्याची मेंदूला जन्माची सवय आहे, आधी येण्याची नाही. पण ही मर्यादा बातम्या आणि नाटके पाहणाऱ्यांसाठी आहे, संगीतासाठी ती पुरत नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. चौपटीत वाजवताना एका अक्षराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. दूरदर्शन संचावर जो उशीर चालून जातो, तो मृदंगावर एक पूर्ण अक्षर असतो.

आता पहिली तक्रार घेऊ: गायक तालात गातो आणि ट्रॅक मागे पडतो. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, घोटाघोटाने हाताळतो. त्या घोटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या प्रकल्पात बफर १२८ नमुन्यांचा असेल तर तो भरायला पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. १,०२४ नमुन्यांचा असेल तर २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना दुसरा, म्हणजे मोठ्या बफरवर जाऊन-येऊन ४२ मिलिसेकंद खर्च होतात, आणि त्यात ड्रायव्हरचा, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्वतःचा वेळ वेगळा मिळवायचा. बफर लहान केला की उशीर घटतो, पण प्रोसेसरची धावपळ वाढते आणि आवाजात ‘टिक टिक’ येऊ लागते. म्हणून मुद्रण करताना बफर लहान आणि मिश्रण करताना मोठा, ही साधी शिस्त पाळायची. विंडोजवर त्यासाठी योग्य ड्रायव्हर लागतो. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एएसआयओ ही पद्धत आणली ती याच कारणासाठी: सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांच्यामधले विंडोजचे जादा थर टाळून आवाज सरळ न्यायचा.

हा उशीर ठराविक असतो, म्हणून तो मोजून वजा करता येतो. ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधल्या साउंड कार्डच्या, आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटला लावा, मेट्रोनोमचा ठोका वाजवा आणि तोच दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करा. मूळ ठोका आणि मुद्रित ठोका यांत ४८० नमुन्यांचे अंतर निघाले, तर ४८,०००च्या हिशेबाने उशीर १० मिलिसेकंदांचा. ऑडासिटी या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी उशीर-भरपाईचा रकाना आहे आणि त्यात मुळात उणे १३० मिलिसेकंद भरलेले असतात. हा आकडा तुमच्या यंत्राचा नाही, सर्वसाधारण अंदाज आहे. स्वतःचा आकडा मोजून तिथे भरला, की एकावर एक ट्रॅक घेताना ढोलकी आणि झील जागेवर बसतात.

भरपाईने मुद्रित ट्रॅक सुधारतो, गाताना कानात येणारा उशीर मात्र सुधारत नाही. गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो. तोच हेडफोनमधून दहा-पंधरा मिलिसेकंदांनी पुन्हा आला तर तो पोकळ, डब्यातल्यासारखा लागतो. इंटरफेसवर थेट ऐकण्याची सोय असेल तर ती चालू करावी आणि सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज बंद ठेवावा. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणाला वापरूच नयेत. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे असतो. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले होते, की स्वतःचे बोलणे जवळपास एवढ्याच उशिराने कानावर पडले तर धडधाकट माणूसही अडखळायला लागतो. वायरचा स्वस्तातला हेडफोन इथे महागड्या ब्लूटूथपेक्षा केव्हाही सरस ठरतो.

दुसरी तक्रार पडद्याची. वेव्हफॉर्मवरून सरकणारी रेघ म्हणजे प्लेहेड. ती प्रत्यक्ष आवाज दाखवते असे वाटते, पण ती सॉफ्टवेअरने काढलेले एक अनुमान असते. आवाज बफरमध्ये गेला, तिथून ड्रायव्हरकडे, तिथून स्पीकरकडे. हा प्रवास किती लांबला हे सॉफ्टवेअरला ड्रायव्हर सांगेल तेवढेच कळते. ड्रायव्हरने पुरे सांगितले नाही, किंवा वाटेत ब्लूटूथ असला, की रेघ पुढे धावते आणि आवाज मागून येतो. उलट, रेघ अडखळत, धक्के खात मागे राहत असेल आणि आवाज मात्र सुरळीत असेल, तर दोष चित्र काढणाऱ्या भागाचा. खूप मोठे करून पाहिलेले वेव्हफॉर्म, प्लगिनच्या उघड्या ठेवलेल्या दहा खिडक्या, प्रत्येकीत नाचणारे मीटर, ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर ही त्याची नेहमीची कारणे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे १६–१७ मिलिसेकंदांचा फरक त्यात मुळातच असतो. लॅपटॉप टीव्हीला जोडला तर टीव्ही चित्र सुधारण्यासाठी आणखी वेळ घेतो. टीव्हीतला गेम मोड चालू केला की तो बराचसा कमी होतो.

या तक्रारीचा निकाल लावणारी चाचणी अगदी सोपी आहे. प्रकल्पाची तयार फाइल काढा आणि ती दुसऱ्या यंत्रावर, वायरच्या हेडफोनवर ऐका. तिथे ठेका जागेवर असेल तर गाणे निर्दोष आहे आणि बिघाड केवळ तुमच्या पडद्यावर आहे. रेघ चुकीची दिसली म्हणून कडव्यामागून कडवे ओढूनताणून ‘जुळवत’ बसल्याने चांगली मुद्रणे बिघडतात. रेघेपेक्षा कानावर विश्वास ठेवावा. चित्रफिती चालवणारे बहुतेक प्लेअरही तेच करतात: आवाजाचे घड्याळ मुख्य मानतात आणि गरज पडली तर चित्राची एखादी चौकट गाळतात, कारण चौकट गळलेली सहसा लक्षात येत नाही, आवाज तुटलेला लगेच येतो.

तिसरी तक्रार सर्वांत फसवी: सुरुवात जुळते, शेवट जुळत नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या पोटात आपापले क्वार्ट्झचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोघांत दहा लाखांमागे ३० भागांचा फरक असला, तर रात्रभराच्या नमनातल्या चार तासांत ४३२ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेकंदाची फारकत होते. अशा वेळी पूर्ण ट्रॅक पुढे-मागे सरकवून भागत नाही. सुरुवात जुळवली की शेवट सुटतो. सुरुवातीचा आणि शेवटचा टाळ इथे कामाला येतो. दोन टाळांमधले अंतर कॅमेऱ्यात किती आणि रेकॉर्डरमध्ये किती, हे पाहिले की फरकाचे प्रमाण हाती येते आणि आवाज तेवढ्याच प्रमाणात, पट्टी न बदलता, ताणता किंवा आवळता येतो.

याच तक्रारीची आणखी दोन कारणे कोकणात नेहमी भेटतात. एक म्हणजे मोबाईलच्या बदलत्या चौकटी. रात्रीच्या मंद उजेडात अनेक मोबाईल सेकंदाला ३० चौकटींवरून आपणहून खाली येतात, आणि संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र वेग एकसारखा धरून चालते. अशी चित्रफीत आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने स्थिर वेगाची करून घ्यावी आणि मगच संकलनाला घ्यावी. दुसरे कारण नमुन्यांच्या दराची गल्लत. संगीत ४४,१००च्या दराने घेतले आणि ते रूपांतर न करता ४८,०००च्या दराने वाजवले, तर तासाभराचे गाणे ५५ मिनिटांत संपते आणि पट्टी जवळपास दीड अर्धस्वराने चढते. काळी एकची पेटी पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी जाऊन बसते. तेव्हा वेळ बिघडलेली वाटली की पट्टीही ऐकावी. पट्टी चढलेली असेल तर कारण दराचे. पट्टी जागेवर असेल तर ते घड्याळात किंवा चौकटींत शोधावे.

पावसाळ्याचा एक धडाही इथे नोंदवला पाहिजे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ऊर्जा वाचवण्यासाठी प्रोसेसर मंद करतो. काल सुरळीत चालणारा लहान बफर मग आज टिकटिकू लागतो. मुद्रणाला बसण्याआधी ऊर्जेची बचत बंद करावी, वायफाय बंद करावे आणि विंडोजवर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर काही मिनिटे चालवून कोणता ड्रायव्हर आवाजाच्या कामात अडथळा आणतो ते पाहून घ्यावे.

२०२०च्या टाळेबंदीत पुष्कळांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न केला आणि तो फसला. गावातला पखवाज आणि मुंबईतले चाकरमानी एका ठेक्यावर येईनात. दोष अंतराचा नव्हता. काचेच्या तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंतची केबल वळणांसह ५०० किलोमीटर धरली तरी अडीच मिलिसेकंद लागतात. बाकीचा सगळा उशीर वायफायचा, वाटेतल्या रांगांचा आणि व्हिडिओ कॉलच्या स्वतःच्या बफरचा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींशी जुळवायचे म्हटले तर गोष्ट वेगळी: बारा हजार किलोमीटरना एका बाजूने ६० मिलिसेकंद लागणारच, कोणतेही सॉफ्टवेअर ते वाचवू शकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला. मधला उशीर वाढवत नेला तसा ठेका मंदावत गेला, आणि उशीर अगदीच थोडा असताना तो उलट किंचित चढला. झील धरणाऱ्या कोणालाही हे पटेल: समोरच्याची वाट पाहत गायले की लय मंदावते. मुंबईशी जॅमुलससारख्या सॉफ्टवेअरवर, वायरच्या इंटरनेटने, खरोखर एकत्र वाजवता येते. सातासमुद्रापार ज्याने त्याने आपला ट्रॅक घेऊन पाठवणे हेच शहाणपणाचे.

पुस्तिकेची मांडणी या क्रमानेच केली आहे. आधी मोजण्याच्या चाचण्या, मग ठराविक उशीर, मग पडदा, मग वाढत जाणारी फारकत आणि शेवटी दुरून वाजवणे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला लक्षण दिले आहे, नंतर चाचणी आणि त्यानंतरच उपाय. वाचकाने चाचणी गाळून उपायाकडे उडी मारू नये, एवढीच विनंती. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, किती फरक पडला हे वहीत लिहून ठेवावे. अशी वही मंडळाच्या पेटीत राहिली तर पुढच्या शिमग्याला नवा मुलगा यंत्रावर बसला तरी त्याला पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही.

ज्या वादकांनी आणि ध्वनिमुद्रकांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या, आपली मुद्रणे तपासायला दिली, त्यांचे ऋण या पानापानांवर आहे. त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट या सगळ्या खटाटोपामागे आहे. गावातले जुने मृदंगवादक थकत चालले आहेत आणि त्यांचा हात ज्यांना शिकायचा ती मुले बोरिवलीत किंवा विरारला वाढत आहेत. ती चित्रफितीवरून शिकणार. चित्रफितीत हात एका अक्षरावर आणि बोल दुसऱ्या अक्षरावर असेल, तर ते मूल तोच गोंधळ खरा मानून घोटून पक्का करील आणि नंतर तो काढणे फार कठीण जाईल. सव्वाशे मिलिसेकंदांसाठी घेतलेले कष्ट त्या मुलाच्या हातासाठी आहेत. आपल्या मंडळाचे जुने मुद्रण याच आठवड्यात उघडा, त्यातला एखादा टोकदार ठोका शोधा, तो चित्रातल्या हाताशी लावून पाहा आणि मिळालेला आकडा लिहून ठेवा. तिथून पुढचे काम या पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात आहे.

हातखंबा, जि. रत्नागिरी